ऑकर्टनच्या पोटातलं किल्मोरन

एल्स्पेथ हॅडोचं घर आमच्या ऑकर्टन पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीच्या, ऐन मध्यावर होतं, पण ती मात्र किल्मोरन पॅरिशची. कुण्या जुन्या जमीनदारानं लग्नात की भांडणात तो माळ किल्मोरनला जोडून दिला आणि तेव्हापासून त्या एका घराच्या चारी बाजूंना आम्ही. आमचं चर्च तिच्या दारातून दिसायचं. तरी दर रविवारी ती आमच्या लोहारशाळेवरून आणि चर्चच्या फाटकावरून ताठ मानेनं पुढे जायची आणि दोन टेकड्या ओलांडून किल्मोरन गाठायची.

"एल्स्पेथ, आमच्या देवाला काय गं झालंय?" मी दारातून ओरडायची.

"देवाला काही नाही, जेस. तुमचं प्रवचन अळणी असतं," असं म्हणून ती चालू लागायची.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा डेव्ही किल्मोरनच्या चर्चच्या आवारात, भिंतीच्या कडेला पुरलेला होता आणि त्याच्या शेजारची जागा तिची. प्रवचन संपलं की ती त्याच्यापाशी बसून ओटची भाकरी खायची आणि त्याला आठवड्याच्या बातम्या सांगायची. त्यात आमच्या चहाड्याच जास्त असतात, असं तिथला कबरी खणणारा पेट विशार्ट मला सांगायचा.

एका हिवाळ्यात मीकल मास्तरांनी गावोगावची माहिती छापलेलं नवं गॅझेटियर मागवलं आणि आमच्या लोहारशाळेत भट्टीच्या उजेडात वाचून दाखवलं. ऑकर्टनची जमीन म्हणे 'हलकी, थंड व पुष्कळशी दलदलीची'. माझा नवरा अँड्रा हातोडा ठेवून उठलाच.

"हलकी? कधी पाहिली यांनी? पावसात घोडागाडीच्या खिडकीतून पाहिली असेल!"

पुस्तकात पडक्या बुरुजाबद्दल चार ओळी होत्या, जिथे आमच्या मेंढ्या लेंड्या टाकतात. ओढ्यातल्या माशांवर दोन. लोहारशाळेचं नाव नाही, गिरणीचं नाही. मग मास्तरांनी किल्मोरनचं पान काढलं: 'या पॅरिशचा एक सुटा तुकडा, एकाच घराचा, ऑकर्टनच्या मध्यभागी आहे.'

"एकाच घराचा!" आमच्यातच बसलेली एल्स्पेथ म्हणाली. "म्हणजे मीच की! मास्तर, पुन्हा वाचा."

मास्तरांनी पुन्हा वाचलं, आणि मग आणखी एकदा. त्यानंतर कितीतरी वर्षं तिनं आमचं डोकं उठवलं. अँड्रानं नालाचे पैसे जास्त सांगितले की ती म्हणायची, "अरे, तू पुस्तकात तरी आहेस का?"

पुढे एडिंबराहून सरकारी हुकूम आला. असे सुटे तुकडे ज्या पॅरिशच्या पोटात असतील, तिच्यातच घालायचे. मे महिन्यापासून एल्स्पेथचं घर ऑकर्टनचं झालं. गावाला मोठी गंमत वाटली. अँड्रा तर तिला 'ये आता आमच्यात' म्हणायला माळावर जाऊन आला. येताना त्याचा चेहरा उतरलेला होता.

"हसली नाही ती," तो म्हणाला. "'पण पुस्तकात छापलंय,' एवढंच म्हणत राहिली."

आमच्याकडे गरिबाला मदत पॅरिशची, शाळा पॅरिशची, मग कबरही पॅरिशचीच असणार, असं ती धरून चालली. खरं सांगायचं तर मीही तसंच धरलं होतं. कुणाला विचारायचं तिला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती फाटकावरून पुढे गेली नाही, आत आली. शेवटच्या बाकावर आम्ही सरकून जागा केली. गिरणीवालीनं तिला पेपरमिंटची गोळी दिली. एल्स्पेथनं भजनं म्हटली, पण सगळी एक ओळ मागून. बाहेर पडल्यावर तिनं माझा दंड धरला.

"जेस, मी मेले की मला इथंच ठेवतील ना गं? डेव्ही तिकडे एकटाच राहणार."

मी तिचा हात धरून तिला माळापर्यंत पोचवून आले.

सोमवारी मी बार्लीचं सूप घेऊन तिच्याकडे बसले होते, तेवढ्यात दारात पेट विशार्ट. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात सुतळी.

"मेली नाहीस?" तो म्हणाला.

"दिसत नाही का तुला?"

"काल आली नाहीस. बर्फातसुद्धा कधी चुकली नाहीस. म्हटलं, आटोपलं. माप घ्यायला आलो."

"मी आता ऑकर्टनची झाले, पेट. हुकूम आलाय."

"ठाऊक आहे. पाद्रीबुवांनी वाचून दाखवला. तो करापुरता गं, वेडे! कुणी कुठल्या चर्चात बसावं, कुणी कुणाशेजारी पडावं, यावर त्यात चकार शब्द नाही. आणि असता तरी काय? एडिंबराचं राज्य जमिनीवर. जमिनीखाली माझं."

एल्स्पेथ उठून उभी राहिली. "म्हणजे माझी जागा..."

"परवाच तिथलं गवत कापलंय. माझ्या पोरालाही दाखवून ठेवलीय, मी आधी गेलो तर."

ती एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. पेट छताकडे बघत उभा राहिला आणि मी उगाच सूप ढवळत बसले. मग तिनं डोळे पुसले, त्याच्यापुढे वाडगा ठेवला आणि सुतळी त्याच्या हातून काढून घेतली.

"हे बघ पेट, खोल कमी असलं तरी चालेल, पण जरा रुंद खण. डेव्हीला हातपाय पसरून झोपायची सवय आहे."