विनीचं लव्हली

विनी ॲक्रॉइडनं जन्मात कुणाला नावं ठेवली नाहीत. तिचा एकच शब्द: लव्हली. चहा लव्हली, नवा पाद्री लव्हली, आठवडाभर कोसळणारा पाऊससुद्धा ‘बागेला लव्हली’. शेजारी तीस वर्षं काढल्यावर मला त्यातला फरक कळायला लागला. लांबवलं तर मनापासून, तुटक म्हटलं तर ‘आता पुरे’, आणि मान तिरकी करून म्हटलं तर काही खरं नाही. माझे नवे पडदे बघून तिची मान तिरकी झाली. दुसऱ्या दिवशी मी ते दुकानात परत केले.

कुणी दुखावू नये म्हणून उन्हाळी जत्रेत केकची परीक्षक कायम तीच. यंदा अकरा केकांत सिरिलचा एक होता. त्याची बायको हिल्डा दरवर्षी पहिली यायची. फेब्रुवारीत ती गेली. साधं अंडं न उकडलेल्या या माणसानं तिची पाककृतींची वही काढून तिचाच केक केला. त्याला बक्षीस नको होतं. हिल्डाच्या हातची चव आली का, एवढंच हवं होतं, आणि ते विनीच सांगू शकत होती.

निकालानंतर तो बशी आणि विनीनं शेरा लिहिलेलं कार्ड घेऊन मी चहा विकत होते त्या टेबलाशी आला. विनी तिथंच चहा पीत होती.

“हे काय लिहिलंयस?”

“लव्हली झालाय रे.”

“मान बघ तुझी! अगं, अंत्यविधी लव्हली, फुलं लव्हली, सगळं गाव मला हेच ऐकवतंय. तू तरी खरं सांग. तिच्यासारखा झालाय?”

विनीनं कप खाली ठेवला. “नाही. चिवट झालाय. अंडी फोडून तोललीस ना?”

“मग काय कवचासकट तोलायची?”

“कवचासकटच, गाढवा! मग त्याच वजनाचं लोणी, साखर, मैदा. फोडून तोललीस म्हणून ते सगळं कमी पडलं. इथं पोरीबाळींनाही ठाऊक असतं, म्हणून तिनं लिहिलं नाही.”

सिरिल खो खो हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला फुकट चहा दिला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा बशी घेऊन विनीच्या दारात हजर. मी तिथंच होते. विनीनं एक घास खाल्ला. मग दुसरा. सिरिल टोपी चुरगाळत उभा. मी लव्हलीची वाट बघत होते. ते आलंच नाही. विनीचे डोळे भरून आले.

“हिल्डा,” ती म्हणाली.