पूर्ण वाक्यात शिवी

चालणं हा माणसाला ठाऊक असलेला सर्वांत अहिंसक उपचार आहे, असं मी व्यासपीठावरून बरीच वर्षं सांगत आलो. वर्ध्यात या वाक्याला टाळ्या हमखास पडतात आणि नंतर शालही मिळते.

मी फिजिओथेरपिस्ट. कारंज्याकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग टाकल्यावर त्यांना चालणं मीच लिहून दिलं. जागा सपाट हवी, छातीत दुखलं की थांबायचं, आणि वेगाचं माप सोपं: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं, की वेग जास्त झाला.

"बोलू कोनासंग?" त्यांनी विचारलं.

"कोणाशीही."

इथे माझं चुकलं. त्यांच्या शेतात सपाट जागा एकच, धुरा, म्हणजे शेताचा बांध. त्याच्या पलीकडे धाकट्या भावाची बाग, आणि त्या बांधावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजलेलं. गृहस्थ रोज सकाळी धुऱ्यावरून चालत आणि भावाशी बोलत, म्हणजे त्याला शिव्या देत.

"आता पार विहिरीपावतर शिव्या देत जातेत," त्यांची बायको दर आठवड्याला सांगे. "एकबी तुटत नाई."

मी 'प्रगती समाधानकारक' असं लिहून पाच मिनिटं वाढवत गेलो.

सहाव्या आठवड्यात मी स्वतः पाहायला गेलो. ते पुढे, मी घड्याळ घेऊन मागे. शिव्या भावाच्या सासुरवाडीपर्यंत पोचल्या, तेव्हा धाकटा कुऱ्हाडीचा दांडा घेऊन झाडांतून बाहेर आला. पहिला दांडा थोरल्याच्या खांद्यावर बसला. थोरल्याने संत्र्याच्या फांदीला टेकू दिलेला बांबू उपसला आणि धाकट्याच्या कपाळावर घातला. कातडी फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं. दोघे ढेकळांत लोळले. बरगडीत गुडघा, मुठीत केस, दातांत कान. मी सोडवायला गेलो, तर मनगटावर एक गुद्दा बसला आणि घड्याळ फुटलं. पुन्हा उठून दोघांनी आपापली लाकडं उचलली.

बायको ओरडत धावत आली. "भाऊजी, छातीले मारू नका! आत स्प्रिंग हाय!"

"मंग कुठी मारू, वहिनी?"

"पायावर मारा!"

धाकट्याने वहिनीचा मान राखला आणि पोटऱ्यांवर मारू लागला.

या सगळ्यात थोरल्याच्या तोंडून निघणारं प्रत्येक वाक्य पूर्ण होतं, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत. माझ्या मापाने हा मध्यम व्यायाम ठरत होता. मग एक शिवी अर्ध्यात तुटली. ते छातीवर हात ठेवून खाली बसले. चेहरा राखेसारखा झाला.

धाकट्याचा दांडा हवेतच राहिला.

"दादा, काऊन थांबला?"

तो भावापाशी वाकला.

"दादा, दे ना शिवी. पुरी दे."

थोरल्याने तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. धाकट्याने दांडा फेकला, भावाला पाठुंगळी घेतलं आणि रस्त्याकडे धावत सुटला. कपाळातलं रक्त हनुवटीवरून गळत होतं, आणि तो वाटभर एका शिवीसाठी विनवण्या करत होता. ढाब्यापाशी गाडी मिळाली.

दवाखान्यात ईसीजीत नवं काही निघालं नाही. दम लागला होता, इतकंच. धाकट्याच्या कपाळाला टाके घालताना त्याचंही रक्त तपासलं, तर साखर फार वाढलेली. त्यालाही चालणं लिहून दिलं.