तेहतिसावी जागा

वांडूरच्या जेटीवर बोट सुटायला दहा मिनिटं होती. माझा आचारी रंगनाथ इस्त्रीची पांढरी टोपी घालून रांगेत सगळ्यांत पुढे उभा होता. तेवढ्यात मागून टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी वळून पाहिलं आणि मनात म्हटलं, शिंकली माशी.

मी तेव्हा श्रीरामपूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, आमची अंदमानची पहिलीच टूर. आमच्याकडच्या टूरची एक रीत आहे, ती आधी सांगतो. माणूस नेवाशाचा असो की राहुरीचा, जग बघायला निघाला तरी संध्याकाळी त्याला वरण-भात लागतो. म्हणून पॅक्सबरोबर, म्हणजे आमच्या भाषेत प्रवाशांबरोबर, आम्ही आचारीही नेतो. पातेली, पीठ, शेंगदाण्याचा कूट, काळा मसाला, सगळं मद्रासपर्यंत रेल्वेने आणि तिथून तीन दिवस जहाजाने. पत्रकावर ठळक अक्षरात छापलेलं असतं, 'घरच्यासारखं जेवण'.

रंगनाथ बेलापूरचा. लग्नाच्या पंगती हा त्याचा धंदा, पण गावात त्याची ओळख वेगळीच. प्रवरेत कुणाचं काही पडलं, बादली, कळशी, एकदा तर एका बाईची नथ, की रंगनाथला हाक. तो बुडी मारून काढून आणायचा. मी एकदा विचारलं होतं, "दिसतं का रे काही खाली?"

"कशाचं दिसतंय, सायेब. समदा गाळ. हातानंच चाचपायचं. तळ काय अजून डोळ्यानं बघितला न्हाई."

म्हणून टूरला चल म्हणताना मी त्याला सांगितलं की तिकडे एक बोट असते, तिच्या बुडाला काच असते, वर बसल्या बसल्या समुद्राचा तळ दिसतो. तुला दाखवतो, असा शब्दही दिला. तो तेवढ्या बोलावर आला. अख्ख्या गावाला सांगून आला, तळ बघून येतो म्हणून.

ती काचेची बोट जॉली बॉय नावाच्या बेटावर. तिथे वांडूरहून मोठ्या बोटीने जायचं, त्याला परमिट लागायचं आणि डोकी मोजून घ्यायचे. आमच्या बोटीत जागा तेहतीस. पॅक्स बत्तीस आणि मी तेहतिसावा. शब्द देताना हे गणित मी केलंच नव्हतं. रंगनाथ मात्र रोज विचारायचा, "सायेब, आपलं कवा?" आणि मी रोज वेळ मारून न्यायचो.

बाकी पोर्ट ब्लेअरमध्ये त्याने काय पाहिलं? लॉजच्या मागची मोरी, आमचा स्टोव्ह आणि शेजारचं एक बंगाली घर. त्या घरातल्या बाईंनी एकदा त्याला वाटीभर कोळंबी दिली, नारळाच्या दुधात शिजवलेली. वाटी घेऊन तो माझ्याकडे पळत आला. "लई झ्याक हाय, सायेब. जे खात्यात त्यान्ला उद्या करून घालू का? ती बाई शिकवती म्हन्ली."

मी म्हटलं, "पत्रकावर काय छापलंय? पिठलं कर." आम्ही बेटावर आठवडाभर राहिलो आणि बत्तीस माणसांना तिथला एक घास खाऊ दिला नाही. आमचे पॅक्सही खूश होते म्हणा.

मग बोटीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या भाऊसाहेबांचं पोट बिघडलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या मालकांचे व्याही. त्यांनी जाहीर केलं, उद्या मी काही येत नाही. मी लगेच परमिट काढणाऱ्या तिथल्या एजंटाला गाठून त्यांच्या जागी रंगनाथचं नाव घालून आणलं. त्याला जाऊन सांगितलं. तो हसला आणि टोपी धुवायला गेला. पहाटे उठून सगळ्यांच्या पुऱ्या-भाजीचे डबेही भरले.

तर त्या टॅक्सीतून भाऊसाहेब उतरले. पोट एकदम ठणठणीत.

"काय मॅनेजर, मला टाकून निघाला व्हय?"

जेटीवरच्या कारकुनाने दोन्ही हातांची तीन-तीन बोटं वर केली. नाव कुठलंही असो, डोकी तेहतीसच. व्याही म्हणजे साधं माणूस नव्हे. ते रुसले तर मालकांच्या घरात महिनाभर धुसफूस आणि माझी नोकरी टांगणीला. मी रंगनाथला बाजूला घेतलं. "अरे, आज जरा अडचण झाली. तुला उद्या पाठवतो. नक्की."

त्याने डब्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "चालतंय की, सायेब. पुऱ्या वरच्या डब्यात हायेत, आधी त्या काढा." आणि ज्या टॅक्सीतून भाऊसाहेब आले, त्याच टॅक्सीत बसून तो लॉजवर परत गेला.

मला खरी लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. तेहतिसावी जागा माझी होती. बेटावर एजंटाचा माणूस होताच. मी मागे राहिलो असतो तर कुणाचं घोडं अडणार नव्हतं. पण हे मला संध्याकाळपर्यंत सुचलंसुद्धा नाही. आणि बेटावर मी केलं काय, तर काचेच्या बोटीत चढणारी आणि उतरणारी माणसं मोजली. खाली वाकून दोन मिनिटंही पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी वाढताना रंगनाथ प्रत्येकाला विचारत होता, "काय काय दिसलं?" राहात्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी ताट बाजूला सारून त्याला सगळं सांगितलं. कुठला मासा, कुठला रंग, दगडावर उगवल्यासारखं ते पोवळं. तो आमटीचं भांडं हातात धरून उभाच राहिला. मी ओरडलो, "रंगनाथ, वाढायचं बघ. चौकशा नंतर." दिवसभर उन्हात डोकी मोजून मी कावलो होतो, त्याचा राग त्याच्यावर निघाला.

एसटीडी बूथवरून मालकांना फोन केला. "व्याह्यांना नेलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "आचाऱ्याला उद्या जाऊ दे की. माझं काय जातंय?" म्हणजे परवानगीचीही अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. बोटी बंद. तिसऱ्या दिवशी आमचं परतीचं जहाज होतं. रंगनाथने एका शब्दाने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर दुसरी टूर ठरली. मी त्याला सांगायला मुद्दाम बेलापूरला गेलो. एका लग्नाच्या मांडवामागे तो झाऱ्याने बुंदी पाडत होता. भोवती पुऱ्या लाटणाऱ्या बाया आणि तो सांगत होता. "ह्या परातीएवढा निळा मासा, अंगावर पिवळं पट्टं. पोवळं म्हंजी दगुडच, पन हरणाच्या शिंगावानी फुटलेला. अन् पानी इतकं नितळ, खाली सुई पडली तरी दिसंल." एकेक शब्द राहात्याच्या त्या शिक्षिकाबाईंचा होता. सुई तेवढी त्याची.

एका म्हातारीने विचारलं, "खरंच का रं रंगनाथा, का आपलं उगंच?"

तेवढ्यात त्याला मी दिसलो. झारा क्षणभर थांबला. मग कढईकडेच बघत तो म्हणाला, "सायेब हुते की बरूबर. इचारा त्यान्लाच."

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या.

"हो," मी म्हटलं. "अगदी असंच आहे."

पुढे त्याला बाजूला घेऊन मी म्हणालो, "रंगनाथ, माझं चुकलं. या वेळी यादीत पहिलं नाव तुझं. मी राहीन, पण तू जाशील."

त्याने हात पुसले. "न्हाई, सायेब. आता समद्या गावाला सांगून झालंय. जाऊन बघितलं अन् येगळंच निघालं, तर ह्यान्ला काय सांगू?" मग ताज्या बुंदीचा एक लाडू वळून माझ्या हातावर ठेवला आणि कढईकडे परत गेला. तो लाडू मी एसटी स्टँडवर कसाबसा खाल्ला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक टूरच्या यादीत पहिलं नाव आचाऱ्याचं असायचं. बरेच आचारी त्या काचेच्या बोटीत बसून आले. विचारलं तर म्हणायचे, "बरं हुतं." धंद्यात मी एवढी एकच गोष्ट शिकलो. ज्याच्यामुळे शिकलो, त्याच्या ती काही उपयोगाची नव्हती.