भोंग्यातलं सूर्यफूल

आमच्या जळकोटकडं आता सूर्यफूल फारसं कुणी पेरत नाही. आमच्या मालकांनी मात्र यंदाही अर्धा एकर पेरलं. हट्टी माणूस. पोरीनं लातूरला जपानी भाषेचा क्लास केला, तिकडं जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळवली, तर ह्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. जायला आठ दिवस उरले तरी अबोला. आणि ती म्हणायची, अप्पांनी हो म्हटल्याबिगर मी जायची न्हाई. बापाचीच लेक.

क्लास संपवून घरी आल्यापासून एकच गाणं गुणगुणायची. उच्चार सुधारायला क्लासच्या मॅडमनी गाणी पाठ करायला लावली होती. जपानात म्हणे फुलांच्या नावाची गाणी ढिगानं आहेत. बाकीच्या पोरींनी चेरीच्या फुलाचं घेतलं, हिनं सूर्यफुलाचं. "आपल्या रानातलं हाय म्हणून," मला म्हणाली, बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

दाणे भरायला लागले तसे राघू आले. पाखरं हाकलायला रानात भोंगा लावलेला, त्यात ह्यांचाच आवाज भरलेला, हाऽऽ हुर्रऽऽ असा. एका दुपारी पोरगी राखणीला गेली आणि गाणं म्हणता म्हणता भलतंच बटण दाबून बसली. ह्यांचा आवाज पुसला गेला, तिथं तिचं गाणं आलं. आता खैर नाही, असं मला वाटलं. हे बांधावर आले आणि उभ्या उभ्या सगळं ऐकलं.

"ह्यात काय म्हणलीस?" बापानं विचारलं.

"कुणीतरी लांब गेलंय अप्पा. घरचे वाट बघायलेत."

ह्यांनी भोंग्याकडं बघितलं. मग म्हणाले, "जा. फोन करत जा."

ती गेली, आणि राघूंना गाणं अंगवळणी पडलं. मेले भोंग्यावरच बसून दाणे फोडायला लागले. "तुमचा आवाज परत भरा की," मी म्हटलं, "पीक चाललं सगळं." बघू म्हणाले. चार दिवस नुसतं बघतच होते. शेवटी चिडून मीच रानात गेले, माझा आवाज भरते म्हणून. तर हे गोफण घेऊन उभे.

"त्याला हात लावू नको."

मला राग आला, आणि रडूही आलं.

भोंगा गात होता, राघू खात होते. ह्यांच्या गोफणीत दगड घातलेला, पण हात खालीच. गाणं संपलं, तेव्हा कुठं त्यांनी गोफण फिरवली.