जवान काका जोशी

ती फाइल बंद होऊन काही वर्षं झाली, तरी तिचा एकेक कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी पोलिसातून निवृत्त झालो तो वयानं नव्हे, गुडघ्यानं, आणि तेही चाळिशीच्या आत. त्यामुळे स्मरणशक्तीला दोष द्यायची सोय नाही. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, एक खूनही पाहिला. पण खरा संताप आला तो या एकाच प्रकरणात. त्यात ना चोरी होती ना खून. होती फक्त एक यादी! नावं मी कुणाचीच देणार नाही. जिथे आडनावावाचून गाडं पुढे सरकत नाही, तिथे आडनावं बदलली आहेत.

अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या एका टाउनशिपमध्ये, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा कारभार असलेल्या गावात, मी डिटेक्टिव्ह होतो. तिथे आग विझवायला पगारी दल नाही. गावचे लोक आपली नोकरी सांभाळून बंब चालवतात. हे स्वयंसेवी दल म्हणजे स्वतंत्र संस्था, पण तिला अधिकार देते टाउनशिप. पाच सुपरवायझरांचं, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांचं, मंडळ ठराव करतं की अमुक हद्दीत हेच दल जाईल. त्या बदल्यात दलानं दर जानेवारीत आपल्या सक्रिय जवानांची यादी मंडळापुढे ठेवायची. आमच्या नियमाप्रमाणे त्यात किमान वीस प्रशिक्षित माणसं हवीत. कमी पडली, तर मंडळ अधिकार काढून घेऊ शकतं. नियम चांगला आहे. माझं भांडण नियमाशी कधीच नव्हतं.

ऑक्टोबरातला मंगळवार, सकाळचे अकरा. एका मराठी घरात ऐंशीच्या पुढच्या मावशी एकट्या होत्या. मुलगी-जावई ऑफिसला. मावशींनी दूध तापत ठेवलं, वर गेल्या आणि डोळा लागला. खाली स्वयंपाकघर पेटलं. शेजारी नागपूरचा एक आयटीतला तरुण घरून काम करत होता. धूर दिसताच त्यानं फोन केला. बंब आला, आणि त्यातून एकच व्यक्ती उतरली. एकोणतीस वर्षांची एक मुलगी, एरवी शाळेची बस चालवणारी. तिनं बंबावरच बसवलेल्या नळीला पाणी जोडलं, ती स्वयंपाकघराच्या खिडकीवर रोखली, पंप सुरू केला आणि ती पंपापाशीच उभी राहिली. नागपूरकर आत धावला आणि मावशींना उचलून बाहेर आला. त्याचे दोन्ही तळहात भाजले. शेजारच्या टाउनशिपचं दल वीस मिनिटांनी पोहोचलं. मावशी वाचल्या.

समोरच्या कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. इंजिनिअर आगीत धावतोय आणि वर्दीतली मुलगी बंबाला टेकून उभी! संध्याकाळपर्यंत गावभर तिचं एकच नाव झालं: भित्री. दलाच्या प्रमुखानं मंडळाला लेखी अहवाल दिला: घटनास्थळी आणखी चार जवान होते, मी तिला आत जायचा हुकूम दिला, तिनं नाकारला. तिला दलातून काढावं. तिनं मोठ्या शहराच्या पगारी दलात अर्ज केला होता, मुलाखतही झाली होती. हा ठपका बसला असता तर तिला आयुष्यात पुन्हा बंबावर कुणी चढू दिलं नसतं. मंडळानं सुनावणीची तारीख लावली.

आठवडाभरानं सकाळी हजेरी संपवून मी टेबलाशी आलो, तोच डेस्कवरच्या सार्जंटनं फोन दिला. "तुझी कुणीतरी काकू आहे. प्रचंड चिडलीय."

फोनवर जुन्या ओळखीच्या जोशी काकू होत्या. "अरे, हे काय चाललंय? तुझ्या काकांना फायर ब्रिगेडमध्ये कधी घेतलं?"

"काकू, काय झालं?"

"टाउनशिपचं पत्र आलंय. अग्निशामक जवान म्हणून साक्षीला हजर राहा म्हणे! ह्या माणसाला शहात्तरावं लागलंय. घरात मेणबत्ती विझवायची तर मला हाक मारतो."

मागून काकांचा आवाज आला, "विचार त्याला, हेल्मेट मिळणार का!"

"तुम्ही गप्प बसा हो. आणि ऐक, पाकिटावर नाव काय लिहिलंय माहितीये? मिस्टर काका जोशी!"

मी हसलो. फोन ठेवला. आणि मग लक्षात आलं. सुनावणीचे साक्षीदार कोण? अहवालातले ते चार जवान. म्हणजे आगीपाशी हजर असलेल्या चौघांत आमचे जोशी काका?

मी लगेच माझ्या वरिष्ठाकडे, लेफ्टनंटकडे गेलो. तक्रारदार माझ्या ओळखीची आहे हे आधी लेखी नोंदवलं. पोलिसानं आपलं नातंगोतं पहिल्या पानावर लिहावं, नाहीतर शेवटच्या पानावर ते समोरचा वकील लिहितो. लेफ्टनंट म्हणाला, "तपास कर. मात्र प्रत्येक मुलाखतीला दुसरा अधिकारी बरोबर ने."

टाउनशिपच्या कार्यालयातून मी यादीची प्रमाणित प्रत मागितली. तेवीस नावं. वाचत गेलो आणि खुर्चीवरून उठलोच! जोशी, काका. कुलकर्णी, काका. पाठक, काका. देशपांडे, काकू. आणखी दोन काका, आणखी दोन काकू. आणि एक बर्वे, मावशी! एकूण अकरा मराठी नावं, त्यांतली नऊ अशी. मी तिथल्या सेक्रेटरीबाईंना विचारलं, "ही नावं तुम्हाला विचित्र नाही वाटली?"

त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्याकडे काका म्हणजे आमच्याकडचं जॉन."

आता प्रश्न असा की हे नातेवाईक यादीत शिरले कुठून? यादीतल्या अकराही घरांना जोडणारी एकच गोष्ट होती, आमचं मराठी मंडळ. आणि मंडळाचा गणपती बसतो कुठे? अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये! अमेरिकेतल्या गावांत हे नेहमीचं आहे. खाली बंब, बाजूला हॉल, तिथे लग्नं, बिंगो, आणि आमच्याकडे मोदक.

मराठी मंडळाची सेक्रेटरी पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. तिनं लॅपटॉप उघडला. "हो यार, गेल्या वर्षी हॉल बुक करताना दलवाल्यांनी गेस्ट लिस्ट मागितली होती. मीच फॉर्म भरला. लास्ट नेम, फर्स्ट नेम, ॲड्रेस."

"फर्स्ट नेममध्ये काका का लिहिलंस?"

ती गोंधळली. "मग काय लिहू? जोशी काकांचं फर्स्ट नेम कुणाला माहितीये? तुला माहितीये?"

मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं त्यांच्याकडे जेवलो होतो! आपण मोठ्या माणसाला नावानं हाक मारत नाही, म्हणून त्याचं नाव आपल्याला येतच नाही. तिनं आदरापोटी जे लिहिलं, ते जसंच्या तसं उचलून कुणीतरी जवानांच्या यादीत चिकटवलं होतं.

त्या मुलीला मी तिच्या बसच्या दोन फेऱ्यांमध्ये भेटलो. ती सरळ म्हणाली, "तुम्हीही तो व्हिडिओ पाहिला असेल."

"पाहिला. मला त्यात नसलेलं सांगा."

"मी पंप सोडला असता तर नळीतलं पाणी गेलं असतं. आणि एकटीनं आत शिरायची मनाई आहे, बाहेर आपल्यासाठी कुणी हवं. मी रेडिओवर तीनदा माणसं मागितली. कुणी आलं नाही. तो माणूस धावला तेव्हा मी ओरडले, खाली वाक, जमिनीलगत जा! व्हिडिओत पंपाच्या आवाजात ते ऐकू येत नाही."

"प्रमुखांनी हुकूम दिला होता?"

"प्रमुख तिथे नव्हतेच!"

मी तडक कंट्रोल रूम गाठली आणि रेडिओचं ध्वनिमुद्रण मिळवलं. तिचा आवाज स्पष्ट होता. तीन वेळा. तिसऱ्यांदा तो जरा फाटलेला. उत्तर कुणाचंच नव्हतं. नागपूरकरानंही हाताला बँडेज बांधलेल्या अवस्थेत जबाब दिला: "तिनं सांगितलं म्हणून मी वाकलो. नाहीतर धुरात जिन्यावरच पडलो असतो. लोक तिला शिव्या देतात आणि मला हार घालतात. मला लाज वाटते."

प्रमुखाला आम्ही चौकशीच्या खोलीत बसवलं. साठी उलटलेला, चाळीस वर्षं दलात, गावातला मानाचा माणूस. गप्प राहण्याचा हक्क वाचून दाखवला, तो वकील नको म्हणाला, मग रेकॉर्डर सुरू केला. चौकशीत ओरडायचं नसतं. खोटं बोलणाऱ्याला तपशील मागायचे, तो स्वतःच खड्डा खणतो.

"त्या दिवशीच्या चार जवानांबद्दल सांगा. काका जोशी कसा आहे?"

"चांगला पोरगा आहे," तो म्हणाला. "नळी झटपट उलगडतो."

"वय?"

"तिशीतला असेल."

"आणि काका कुलकर्णी?"

"त्याचा भाऊ असावा. दोघं बरोबरच येतात."

माझ्या शेजारचा अधिकारी वहीत डोकं खुपसून बसला. काका म्हणजे काय, हे त्याला मी आधीच सांगितलं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "माझ्या भाषेत काका म्हणजे वडिलांचा भाऊ. ते नाव नाही. तुमचा काका जोशी शहात्तर वर्षांचा आहे. तुमच्या दलात तीन काकू आणि एक मावशीही आहे. त्यातल्या कुणाला नळी उलगडता येते?"

त्यानं यादी स्वतःकडे ओढून नावं पुन्हा वाचली. मग खचला. चौघांतले दोन आमचे काका, उरलेले दोघे कधीच फ्लोरिडाला राहायला गेलेले. तेवीस नावांत खरे जवान सहा. अकरा आमच्या गणपतीतले, बाकीचे गाव सोडून गेलेले, आणि एक तर तीन वर्षांपूर्वी वारलेला!

"वीसच्या खाली गेलो असतो तर आमचं बंबाचं ठाणं बंद झालं असतं," तो म्हणाला. "नवीन माणसं येत नाहीत. माझ्या वडिलांनी बांधलंय ते ठाणं."

"आणि ती मुलगी?"

"कुणी विचारलं असतं, की एकटीच का आली, तर यादी उघडी पडली असती."

सांगतो, त्या क्षणी मला त्याची दयाही आली आणि चीडही. कागदावरची माणसं वाचवायला त्यानं हाडामांसाचं माणूस आगीत ढकललं होतं. अधिकाऱ्यांना खोटं लेखी निवेदन दिल्याचा गुन्हा सरकारी वकिलानं दाखल केला, पुढे प्रमुखानं तो कबूल केला.

पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. ही यादी मंजूर कुणी केली? मी टाउनशिपच्या मंडळाच्या सभांची इतिवृत्तं काढली. दर जानेवारीत यादी "एकत्रित मंजुरीच्या विषयांत" होती. रस्त्यावर टाकायचं मीठ, नाताळची झाडं उचलायची गाडी आणि जवानांची यादी, सगळ्याला मिळून एकदाच हात वर! मेलेला माणूस तीन वर्षं सक्रिय जवान म्हणून एकमतानं मंजूर होत होता. हा गुन्हा कुठल्याच कलमात बसत नव्हता. मला विचाराल तर तो प्रमुखाच्या गुन्ह्याहून लहान नव्हता.

सुनावणीला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मी पुरावे मांडले, ध्वनिमुद्रण ऐकवलं. तिची तिसरी हाक ऐकू आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या, तिला भित्री म्हणणाऱ्या बाईंनी मान खाली घातली. अध्यक्ष पुटपुटले, "आम्ही आमच्या स्वयंसेवकांवर विश्वास ठेवतो."

मी म्हणालो, "ठेवा. पण ते आहेत का, हे तरी बघा. यादी आत्ता, इथे, मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचली. पहिल्याच पानावर "काका जोशी" आलं. मागून काका उठले. "प्रेझेंट! पण मला जिना चढायला दहा मिनिटं लागतील!" हशा उसळला. मग एकेक नाव वाचलं जात होतं आणि बहुतेक नावांना कुणीच उठत नव्हतं, तसा हशा विरत गेला. वारलेल्याचं नाव आलं तेव्हा त्याची बायको उठली. शेवटी जवान म्हणून उभे होते ते वर्दीतले सहाच. प्रत्येकजण आपल्या घरापासून ठाण्यापर्यंतचं अंतर मनात मोजत होता, हे चेहऱ्यांवर दिसत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "दलाला सहा महिन्यांची तात्पुरती मान्यता, शेजारच्या दलाला प्रत्येक आगीला बरोबर बोलावणं, आणि सदर सदस्येवरची तक्रार मागे. सगळ्याला मिळून अनुकूल असणाऱ्यांनी..."

"वेगळं घ्या!" नागपूरकर ओरडला. "तिचं वेगळं घ्या!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, तिचं पूर्ण नाव उच्चारलं, तक्रार खोटी होती असं इतिवृत्तात लिहायला सांगितलं आणि माफी मागितली. पाच हात वर गेले. तिला विचारलं, काही बोलायचंय का. ती उठली आणि म्हणाली, "माफी ठीक आहे. मला पंपावर उभा राहणारा दुसरा माणूस द्या."

त्याच सभेत सात जणांनी नावं दिली. प्रशिक्षणाला महिने लागतात, त्यामुळे सातांतले चारच टिकले. पण ते खरे चार होते.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, तर अधिकार देणारा हात वर करून मोकळा होऊ शकत नाही. ज्याला गणवेश आणि बंब दिला, त्याच्या दारात वर्षातून एकदा जाऊन माणसं मोजणं हे त्याचं काम आहे. त्याला तुम्ही अविश्वास म्हणा, मी त्याला कर्तव्य म्हणतो. आणि ते काम मंडळ करत नसेल, तर ते तुमचं-माझं आहे. आपण मराठी लोक या देशात घरं घेतो, शाळांचे गुण तपासतो, घरामागचं अंगण मोजतो. आपल्या आगीला कोण येणार, हे किती जणांनी विचारलंय? पुढच्या जानेवारीत टाउनशिपच्या सभेला जा. सभा उघडी असते, कुणी अडवत नाही. यादी मागा आणि ती मोठ्यानं वाचायला लावा.

ती मुलगी आता मोठ्या शहराच्या दलात आहे. जाताना ठाण्याची किल्ली परत द्यायला गेली, तेव्हा नव्या प्रमुखानं विचारलं, "तुझं नाव यादीतून काढू ना?"

ती म्हणाली, "आजच काढा. मी नसताना माझ्या भरवशावर कुणी राहायला नको."