चीक आला नाही

परभणीच्या कॉलेजातून जनावरांचा डॉक्टर होऊन बाहेर पडलो तेव्हा माझ्या बापानं अख्ख्या वस्तीत गूळ वाटला. माझ्या मात्र घशाखाली तो उतरेना. आम्ही बौद्ध. ‘राखीव जागेवरचा डॉक्टर’ हे शब्द कॉलेजभर कानावर पडत आले होते, कधी तोंडावर, बहुतेकदा पाठीमागे. लोकांच्या बोलण्याचं एवढं काय मनावर घ्यायचं, असं आज म्हणता येतं. तेव्हा ते आत जाऊन बसलं होतं. आपल्याला खरंच काही येत नाही आणि एक दिवस ते उघडं पडणार, हे मी धरूनच चाललो होतो.

नेमणूक राणीसावरगावच्या दवाखान्यात झाली. गावात खोली कुणी देईना, म्हणून दवाखान्याच्याच मागच्या खोलीत राहायचो. लस टोचणं, जखमा धुणं, शेळ्यामेंढ्यांना जंताचं औषध पाजणं, इथपर्यंत ठीक. जरा अवघड जनावर आलं की मी म्हणायचो, गंगाखेडला न्या, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मोठे डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, की आता लस टोचायलाही इकडंच पाठवत जा. मी हसलो खरा, पण पुढचं जनावरही गंगाखेडलाच धाडलं.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एसटी नाही, टेम्पो नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सकाळीच एक शेतकरी धावत आला. चांगली बागायत, गावात वजन असलेला माणूस. त्याची गाय अडली होती. माझ्या तोंडून सवयीनं गंगाखेड निघणार, तोच तो म्हणाला, “आज कशानं न्यावं सायेब? तुमीच चला.” बाप रे! बॅग उचलून त्याच्यामागं निघालो. गाय मेली तर नवख्या डॉक्टरच्या हातून मेली असं कुणी म्हणणार नव्हतं. राखीव जागेवाल्यानं मारली, म्हणाले असते. आणि तेही असल्या दिवसांत.

वासराची मान आत मागं वळलेली होती. करडईचं तेल चोपडून हात खांद्यापर्यंत घातला. गाय कळ द्यायची तेव्हा हात असा चेंगरायचा की बोटं आहेत की गेली, कळायचं नाही. सगळं टाकून पळावं वाटलं. पळणार कुठं? शेवटी वासराचं नाक बोटांना लागलं, मान सरळ झाली, आणि मालकानं नि मी मिळून ओढलं. वासरू जिवंत निघालं. गाय मात्र आडवीच. कॅल्शियमची बाटली लावली तरी उठेना. उठली तर वाचली, एवढं सांगून मी निघालो. तिथं मला बसवेना.

दवाखान्याचा शिपाई गावातलाच, पिकल्या केसांचा. तो म्हणाला, घोर नका करू, गाय उठली की चीक येतोच. त्या गावची रीतच होती. गाय-म्हैस व्याली की पहिल्या दुधाचा चीक घरोघर जायचा, आणि ज्यानं जनावर सोडवलं त्याच्या घरी सगळ्यांत आधी.

दुसऱ्या दिवशी चीक आला नाही. मी पुस्तक काढून तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं. गर्भाची पिशवी आतून फाटली असेल का? माझं नख लागलं असेल? बाटली घाईनं सोडली का? दारात पावलं वाजली की ताडकन उभा राहायचो. कोंबडी घेऊन आलेल्या एका बाईवर उगाच खेकसलो. शिपायाला विचारलं तर तो ‘येईल की’ म्हणाला आणि मान खाली घालून झाडत राहिला. झाडायला तिथं काही उरलं नव्हतं. पुढचा दिवसही तसाच गेला. मनातल्या मनात राजीनामा लिहून झाला, कुठं मास्तरकी मिळेल का याचाही विचार झाला.

संध्याकाळी राहवेना, उठलो आणि गेलो. गोठ्यात गाय उभी होती, कडबा खात. वासरू ढुशा देत पीत होतं. मला रडूच आलं. येतं, मला हे काम येतं! त्या गायीच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मालक हसतच बाहेर आला. “बेस हाय गाय. दूध तर लय द्यायलीय. समद्या गल्लीत चीक वाटला बगा. तुमच्या शिपायाच्या घरीबी...” आणि तो वाकून गायीपुढचा कडबा सारू लागला.

मला समजायला जरा वेळ लागला. दोन दिवस मी चूक माझ्या हातात शोधत होतो. एरवी मुकाट्यानं घरी गेलो असतो. पण गाय समोर उभी होती.

“आमाला वाटलं,” तो जमिनीकडं बघत म्हणाला, “आमच्या घरचं तुमी खाता का न्हाई.”

“मी खातो,” मी म्हणालो. “तुमी देता का, ते सांगा.”

दारात उभी असलेली त्याची बायको आत गेली. चीक आणायला गेली की तोंड चुकवायला, कळायला मार्ग नव्हता. मी हललो नाही. नापास व्हायची पाळी या वेळी माझी नव्हती.