गारिकायची चाल

मुरेवा गावच्या शाळेत तीस वर्षं मक्याची उकड रांधणारी रेवाई हाताची सढळ. कुणाला कमी पडलं तर आपल्या वाटचं वाढायची. म्हणूनच मुशोरे म्हाताऱ्याला नवल वाटलं. बाई भर दुपारी त्याच्या खोपटात म्बिरा, अंगठ्यांनी वाजवायचं वाद्य, घ्यायला आली आणि सरळ स्वस्तातल्याला हात घातला.

"अगं, ह्याच्या पट्ट्या खिळे ठोकून केल्यात. पर्यटकांनी भिंतीवर टांगायला ठेवलाय हा. शनिवारी म्बिरा वाजवून मेल्या भावाचा आत्मा घरी आणायचाय ना? ह्याच्या आवाजानं कोंबडीसुद्धा वळून बघायची नाही."

"जमेल तसं वाजवेन, आजोबा."

पैशांची अडचण नव्हती, भावकीनं वर्गणी काढून दिली होती. रेवाईला भीती वाटत होती. त्या भावानं, गारिकायनं, जोबर्गच्या खाणीतून निरोप धाडला होता, 'छातीत धूळ भरलीय ताई, घरी येऊ का?' तिनं कळवलं होतं, 'जागा नाही.' वर्षापूर्वी तो तिकडेच वारला. आता आला, कुणाच्या अंगात शिरून बोलला, तर सगळ्यांसमोर काय बोलेल?

म्हाताऱ्यानं चांगला म्बिरा तिच्या मांडीवर ठेवला. गडद लाकूड, त्यावर ठोकून चपट्या केलेल्या पोलादी पट्ट्या. "वाजवून तर बघ. बघायचे पैसे पडत नाहीत."

परक्या घरात आपल्या मेल्या माणसाची चाल वाजवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण रेवाईचे अंगठे जुने, सवयीचे. तिच्या नकळत ते गारिकायच्या आवडत्या चालीवर गेले.

दाराबाहेर कुणीतरी खोकलं. कोरडं, दोनदा. मग थांबून तिसऱ्यांदा.

तो खोकला रेवाईच्या ओळखीचा होता. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि अंगण रिकामं. उंबऱ्यातली कोंबडी मात्र वळून बघत बाजूला झाली, कुणाला वाट द्यावी तशी.

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "काय केलंस हे, बाई! आता तो ह्या म्बिऱ्यापाशीच राहणार. तू ने खुशाल तो स्वस्तातला. हा पडेल इथं. पितरांना ठेवतात तशी त्याच्या नावानं तपकीर ठेवीन मी. पण मी त्याचा कोण?"

खोकला आता आत आला होता, ती बसली होती त्या चटईच्या कडेपाशी. तिथंच घुटमळत होता. रेवाईला रडू आलं, लाजेनं. तिनं वर्गणीचं पुडकं म्हाताऱ्यापुढे सरकवलं, म्बिरा छातीशी धरला आणि चटईवर थोडी बाजूला सरली.

"बस," ती म्हणाली. "दम खा. मग घरी जाऊ. जागा आहे."